गज नसलेली खिडकी

वरवंडला हायवेच्या मागच्या आळीत सुलक्षणा आणि तिचा नवरा सत्यजीत असे दोघंच राहायचे. सत्यजीत शिरूरकडच्या एका कारखान्यात शिफ्टवर होता. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली सुलक्षणानं एक टेबल मांडलं होतं आणि त्या टेबलावर ती हातानं शुभेच्छांची कार्डं बनवायची.

तिच्या कार्डात कागदाचे थर असायचे. एखाद्या घराचं कार्ड असलं तर सगळ्यात मागं आभाळ, ओल्या कागदावर निळी शाई सोडून ब्रशनं पसरवलेलं. त्याच्या पुढच्या कागदावर झाडं, त्याच्या पुढं घर, मग अंगण, मग कुंपण. सगळं बारीक पात्यानं कापलेलं. दोन कागदांच्या मध्ये ती स्पंजच्या चिकटपट्टीचे तुकडे लावायची, त्यामुळं मध्ये पोकळी राहायची आणि पुढच्याची सावली मागच्यावर पडायची. शेवटी टाकानं काळ्या रेघा. लोक फोनवर फोटो पाठवायचे, त्यावरून ती कार्ड करायची. फोटो आला की तिचं पहिलं काम एकच. सगळ्यात जवळ काय आहे, त्याच्या मागं काय, त्याच्या मागं काय, हे बघून थर पाडायचे.

दिवाळीच्या आधी विनोदचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं आदबीचं.

"ताई, शिरूरच्या स्टेशनरीवाल्याकडनं नंबर घेतला तुमचा. बायकोसाठी कार्ड पायजे हुतं. रुसून बसलीय ती, राहू गावाला, मामाकडं. म्हणलं, फोन उचलत न्हाई तर कार्ड तरी बघंल."

सुलक्षणाला बरं वाटलं. कार्ड पाठवून बायकोची समजूत काढणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. त्यानं मामाच्या घराचा फोटो पाठवला, रस्त्यावरून काढलेला. पुढं रस्त्याकडेची बाभळ, मग पाट, मग उसाचं रान, मग तारेचं कुंपण, अंगण, निळ्या दाराचं घर, मागं आभाळ. सात थर झाले. आत लिहायचा मजकूर त्यानंच सांगितला : 'दिवाळीच्या शुभेच्छा. घर छान आहे.' सुलक्षणानं तो आपल्या वळणदार अक्षरात लिहिला. पत्ता होता, सायली, मार्फत सोपानराव, राहू. मी सारखा बाहेरगावी असतो, तुम्हीच पोस्टानं पाठवा, असं तो म्हणाला. तिनं पाठवलं.

तीन आठवड्यांनी दुसरं कार्ड. सायलीचा वाढदिवस होता. मजकूर : 'वाढदिवसाच्या शुभेच्छा. हिरव्या साडीत छान दिसतेस.' मग लगेच तिसरं, लग्नाच्या वाढदिवसाचं. 'आपण दोघं. मी इथंच आहे.' तिसऱ्या फोटोत कडेनं उसाची पाती आली होती. सुलक्षणा म्हणाली, "दादा, ही पाती काढू का? घर झाकलं जातंय."

"नको, ऊस पुढंच राहूद्या," तो म्हणाला. "तिला कळंल."

तिनं ऊस ठेवला. प्रत्येक पात्याची धार वेगळी कापली, हिरव्यावर पिवळी शाई फिरवली. कार्ड इतकं सुरेख झालं की पोस्टात टाकायच्या आधी तिनं ते शेजारणीला नेऊन दाखवलं.

डिसेंबर संपत आला तेव्हा चौथा फोटो आला. नव्या वर्षाचं कार्ड हवं होतं. सुलक्षणानं सवयीनं टेबलावर कागद घेतला आणि थर मोजायला लागली. पुढं खिडकीचे गज. मागं खाटेवर दुपारची झोपलेली बाई, हात उशीखाली, तोंड खिडकीकडं. बास. दोनच थर. गजांच्या मध्ये फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, धूसर होतं. तिनं फोटो मोठा करून पाहिला. अंगठा होता. फोटो काढणाऱ्यानं गज धरला होता.

तेवढ्यात मेसेज आला. 'ताई, गज काढून टाका. फक्त ती.'

सुलक्षणानं पेन्सिल खाली ठेवली. प्रत्येक कार्डाचा कच्चा नमुना ती जपून ठेवायची. तिनं डब्यातून आधीचे तिन्ही काढले आणि ओळीनं मांडले. पहिल्यात सात थर. दुसऱ्यात पाच, बाभळ आणि पाट नाहीत, म्हणजे फोटो उसाच्या अलीकडच्या बांधावरून. तिसऱ्यात ऊस अगदी तोंडापुढं, म्हणजे काढणारा उसाच्या आत उभा. आता खिडकी. थर कमी होत चालले होते, कारण माणूस पुढं पुढं चालला होता.

आणि हे सगळं तिनंच कापून, चिकटवून, स्वतःच्या अक्षरात लिहून त्या बाईला पोचवलं होतं.

तिनं सत्यजीतला कारखान्यात फोन केला. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, मागं मशिनी चालू होत्या.

"लग्नाची बायको हाय ना त्याची?" तो म्हणाला. "मग नवराबायकोच्या मधी आपण कशाला पडायचं? कार्ड दे आन् पुढचं घिऊ नको."

तिनं फोन ठेवला आणि दाराची कडी वाजली.

दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, पस्तिशीचा, किडकिडीत माणूस उभा होता. "मी विनोद, ताई. म्हणलं, हिकडनंच चाललोय तर भेटून जावं. ह्या खेपेला कार्ड मी सोताच देणार हाय."

तिनं त्याला आपला पत्ता कधी दिला नव्हता. मग आठवलं, पाकिटाच्या मागं पाठवणाऱ्याचा पत्ता तीच लिहायची. पण पाकिटं सायलीकडं गेली होती. ह्याच्याकडं तो पत्ता कुठून आला?

तो आत येऊन खुर्चीवर बसला. टेबलावर ओळीनं मांडलेले तीन नमुने त्यानं पाहिले. सुलक्षणाला ते उचलता आले नाहीत. त्यानं एकेक हातात घेतला, बोटानं थरांच्या कडा चाचपल्या.

"लई बारीक नजर तुमची," तो म्हणाला. "म्या फोटो काढला, पर तुम्ही बरूबर वळखलं काय फुडं, काय मागं."

त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल चरे होते. उसाच्या रानात हात घातला की पाती कापतात, तसे. सुलक्षणानं नजर खाली वळवली.

"चौथं कवा हुईल?"

"शाई वाळायला वेळ लागतो," ती म्हणाली. "ह्या शाईला दोन दिवस तरी लागतात. घाई केली तर डाग पडतो."

हे खरं नव्हतं. ती शाई तासाभरात वाळायची.

त्यानं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग तो हसला. "शनवारी येतो मग. आयतवारी तिला न्यायला जायाचंय. मामांनी बोलावलंय." उठताना तो खिडकीपाशी थांबला. "उजेड चांगला येतो हितनं. दाजी कामाला गेले का तुम्ही हितंच बसत आसाल, न्हाई?"

तो गेल्यावर सुलक्षणानं दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. किती वेळ बसली तिला कळलं नाही. डोक्यात एकच चालू होतं. गप्प राहिलं तर रविवारी तो सायलीला घेऊन जाणार. बोललं तर त्याला हे घर माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजीत कामावर गेला आणि तिनं नमुने पिशवीत घालून स्कूटी काढली. चौफुल्यावरून वळून, केडगाव स्टेशन मागं टाकून ती राहूच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, डोक्याहून उंच. आजवर ह्या रस्त्यानं ती गाणी म्हणत गेली होती. आज वाऱ्यानं पाती वाजली तरी तिचा हात ब्रेकवर जायचा. एका ठिकाणी मागं मोटारसायकलचा आवाज आला तर तिनं स्कूटी कडेला घेतली. दुधाचे कॅन लावलेला म्हातारा होता. तो बघत बघत निघून गेला.

निळं दार तिनं लांबूनच ओळखलं. कितीतरी दिवस तिनं ते रंगवलं होतं. अंगणात सोपानरावांची बायको, गिताबाई, गहू निवडत होती. सुलक्षणानं आपण कोण ते सांगितलं, तशी तिचं तोंड उजळलं.

"तुमी करता व्हय ती? आगं बाई, काय हात हाय तुमचा. या या, बसा." तिनं आत नेऊन दाखवलं. टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात तिन्ही कार्डं उभी केली होती. "आलं गेलं माणूस बघतंय. आमी बी म्हणलं, इतकं मन लावून करतोय म्हंजी सुधारला आसंल. म्हनून ह्यांनी बोलावला आयतवारी."

आतल्या दाराच्या चौकटीत चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उभी होती. फोटोतली, खाटेवरची. ती पुढं आली नाही.

"तुम्ही बनवता?" तिनं विचारलं. "मला वाटलं, तोच कापतो. रोज सुरी घेऊन बसतो आन् माझं घर कापतो."

"सायले, काय बोलावं पाहुण्यांपुढं," गिताबाई म्हणाली.

"मी तवापास्नं सांगतीय, मामी. हिरवी साडी मी एकदाच नेसली, दुपारी कपडे वाळत घालायला आले तवा. त्याला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणला, कुणीतरी फोनवर बोललं आसंल. दोन दिस कोंडून ठेवलं हुतं त्यानं मला, तवा बी तुम्ही म्हणला, नवरा हाय."

तेवढ्यात सोपानराव रानातून आले, साठीचे, पायांना चिखल. सुलक्षणानं त्यांना नमस्कार केला आणि फोनवरचा चौथा फोटो त्यांच्या हातात दिला.

सोपानरावांनी फोन लांब धरून पाहिला, मग जवळ आणला. "ही आमची अंगणाकडची खोली," ते म्हणाले. "हे कुणी काढलं?"

"मामा, माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चला. मी दाखवते."

ती, सोपानराव आणि चार पावलं मागं सायली, असे तिघं रस्त्यावर गेले. सुलक्षणानं पहिला नमुना डोळ्यांपुढं धरला आणि बाभळ, पाट, ऊस, कुंपण, सगळं एका रेषेत येईपर्यंत मागं-पुढं सरकली. "पहिला फोटो हितनं काढलाय." मग पाट ओलांडून बांधावर. "दुसरा हितनं." मग तिनं तिसरा नमुना सोपानरावांच्या हातात दिला. त्यांना आता सांगावं लागलं नाही. ते स्वतःच उसात शिरले. पाचसहा सऱ्या आत गेले आणि थांबले.

ऊस वाकवून, पाचट दाबून एका माणसाला बसता येईल एवढी जागा केलेली होती. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, गुटख्याच्या पुड्या. आणि चुरगळलेलं एक पाकीट. सुलक्षणानं उचललं. तिच्याच अक्षरातलं, मागच्या बाजूला तिचाच वरवंडचा पत्ता. सायलीनं कार्ड काढून उकिरड्यावर टाकलेलं ते पाकीट होतं. त्यानं तिथून ते वेचून आणलं होतं.

त्या जागेवर बसलं की पात्यांच्या फटीतून त्या खोलीची खिडकी सरळ दिसत होती.

सोपानराव त्या बाटल्यांकडं बघत उभे राहिले. पोरगी किती वेळा 'कुणीतरी हाय' म्हणाली असेल, ते आठवत असावेत. मग सायलीकडं न बघता म्हणाले, "मंगळवारी तोड लागणार हाय ह्या उसाला. सगळं साफ झालं आसतं." आणि थोड्या वेळानं, "चुकलं माझं, पोरी."

सायली त्या दाबलेल्या पाचटाकडं बघत होती आणि तिचे दात वाजत होते, भर दुपारी.

त्याच दिवशी तिघं पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले, उसातल्या जागेचा पंचनामा करायला माणसं धाडली. विनोदचा फोन लागत नव्हता आणि त्याच्या शिरूरच्या खोलीला कुलूप होतं. "शनिवारी तो तुमच्याकडं येणार म्हणालाय ना?" बाई म्हणाल्या. "मग येऊ द्या. आम्ही आत असू. तुम्हाला जमंल का?"

सुलक्षणा हो म्हणाली. घरी येताना तिला वाटलं, आपण नाही म्हणायला हवं होतं.

रात्री तिनं सत्यजीतला सगळं सांगितलं. तो चिडला, मग त्यानं नमुने पाहिले आणि ओळीनं लावले. शनिवारची त्यानं रजा टाकली. पण तो घरात दिसता कामा नये, म्हणून शेजारच्या घरात बसून राहिला.

शनिवारी दहाला फोन वाजला. "दाजी गेले का कामाला?"

"व्हय," सुलक्षणा म्हणाली.

अकराला विनोद आला. हवालदार बाई आणि एक शिपाई मागच्या खोलीत, पडद्याआड. कार्ड टेबलावर होतं. तो समोर बसला, कार्ड उघडलं, आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

"गज ठेवले तुम्ही."

"फोटोत होते म्हणून," सुलक्षणा म्हणाली.

"म्या काढायला सांगितलं हुतं."

तो रागावला नाही. त्यानं टेबलावरचं बारीक पातं उचललं, कार्ड जवळ ओढलं आणि एकेक गज कापायला लागला. अतिशय सावकाश, जीभ दातांत धरून, एखादं मूल चित्र रंगवतं तसा. एक गज. दुसरा. कागद फाटल्याचा बारीक आवाज येत होता. सुलक्षणा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. पडदा हलत का नाही, तिला कळेना.

"तुमच्या खिडकीला बी गज हायत," तो खाली बघतच म्हणाला. "कशाला लावत्यात लोक, काय की."

तिसरा गज सुटला आणि हवालदार बाई बाहेर आल्या. शिपायानं त्याचं मनगट धरलं. पातं जमिनीवर पडलं. विनोदनं झटापट केली नाही. तो फक्त म्हणाला, "बायकूला कार्ड देणं गुन्हा हाय का, म्याडम?" आणि जाताना उंबऱ्यावर थांबून त्यानं शर्टाच्या बाह्या नीट केल्या.

त्याच्या फोनमध्ये सायलीचे तीनशेच्या वर फोटो निघाले. उसातून, पाण्याच्या टाकीमागून, खिडकीतून. हवालदार बाईंनी दोन दिवसांनी सुलक्षणाला बोलावून घेतलं आणि शेवटचे चार फोटो दाखवले. पहिल्यात रस्ता, मग समोरच्या घराची भिंत, मग एक खिडकी. चौथ्यात नुसती खिडकी, आणि टेबलाशी मान खाली घालून कागद कापणारी सुलक्षणा. तारीख चौथं कार्ड मागवायच्या आदल्या दिवसाची होती.

तिनं फोन परत केला आणि पाणी मागितलं.

त्यानंतर कित्येक दिवस तिनं कागदाला हात लावला नाही. नव्या वर्षाच्या चार ऑर्डरी परत केल्या. सत्यजीतनं खिडकीला आतून जाड पडदा लावला, शिफ्ट बदलून घेतली, पण तो आंघोळीला गेला तरी ती दाराकडं बघत बसायची. सायली केडगावला मावशीकडं राहायला गेली आणि एका कपड्याच्या दुकानात लागली. तिनं एकदाच फोन केला. "मला तुमचा राग येतो," ती म्हणाली. "आन् तुम्ही आला नसता तर, त्याचा बी इचार येतो. दोन्ही हाय." सुलक्षणा म्हणाली, "आसू द्या. दोन्ही खरं हाय."

फेब्रुवारीत विनोद जामिनावर सुटला. राहूत आणि वरवंडात पाय ठेवायचा नाही, ह्या अटीवर. अट कागदावर होती. सुलक्षणा बाजारात गेली की पांढरे शर्ट मोजायची.

मार्चमध्ये दौंडच्या कोर्टात जबाब द्यायला बोलावणं आलं. सायली केडगावहून एसटीनं आली, सुलक्षणा वरवंडहून सत्यजीतबरोबर. सोपानराव आधीच येऊन बसले होते. व्हरांड्यात गर्दी होती आणि गर्दीच्या पलीकडं, वकिलाशेजारी, विनोद उभा होता. त्याचीही त्या दिवशी तारीख होती. त्यानं त्यांना पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली.

"बऱ्या हायत का ताई?" तो लांबूनच म्हणाला.

आत्ताच्या आत्ता निघावं, एसटी धरावी, हे गावच सोडावं, असं सुलक्षणाला वाटलं. ती खरंच जिन्याकडं वळली. सायलीनं तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"मी हाय ना हितं," ती म्हणाली. "मला बी भ्या वाटतंय. जावा."

पुकारा झाला. सुलक्षणा आत गेली. खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. टेबलावर पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये तिची तिन्ही कार्डं आणि चौथं, तीन गज कापलेलं, असं ठेवलेलं होतं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी पहिलं कार्ड उघडून तिच्यापुढं सरकवलं.

"हे अक्षर कुणाचं आहे?"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. तो खोकला त्याचा होता की दुसऱ्या कुणाचा, तिला सांगता आलं नसतं. तिनं पदर घट्ट धरला.

"माझं," ती म्हणाली. "सगळं सांगते. पहिल्या फोटोपासून."